जुन्या काळ्या सायकलची पायडलातली टक्-टक् : कॉटर बदलूनही ती परत का येते

ॲटलस, हीरो, हर्क्युलस, फिलिप्स, सेन-रॅले, हिंद किंवा थेट विलायतेहून आलेली रॅले. दांडी ब्रेकची २८ इंची काळी सायकल कुठल्याही नावाची असली तरी तिचा क्रँक (पायडल ज्याला लागतं तो दांडा) एक्सलवर एकाच पद्धतीने बसतो. क्रँकच्या भोकातून आडवी जाणारी एक पिन त्याला धरून ठेवते. तिला दुकानात नुसतं कॉटर म्हणतात. वर्षानुवर्षं पडवीत किंवा जिन्याखाली पडून असलेली सायकल कमी खर्चात पुन्हा चालती करताना टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर हे सगळं एकदा बदललं की प्रश्न मिटतो. पायडलातली टक्-टक् तेवढी मिटत नाही. कॉटरचा नट आवळला की चार दिवस शांतता, मग पुन्हा तेच. नवीन कॉटर घातलं तरी महिन्याभरात पुन्हा तेच.

खालच्या तपासण्या फुकटच्यापासून महागाकडे अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका. ज्या आवाजासाठी लोक बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्या वाट्या आणि छर्ऱ्यांवर फिरतो तो भाग) उघडून बसतात, तो बरेचदा सीटच्या स्प्रिंगचा निघतो.

लक्षणं

- पायडलावर जोर दिला की पायाखाली ‘टक्’ जाणवतं. कानाला ऐकू येण्याआधी ते तळपायाला कळतं.
- चढावर किंवा उभं राहून पायडल मारताना आवाज वाढतो, सपाट रस्त्यावर जवळपास नाहीसा होतो.
- पायडल उलटं-सुलटं हलवलं की मध्ये थोडी मोकळी जागा लागते, मग क्रँक ‘धरतो’.
- दोन्ही पायडलं एका रेषेत नाहीत असं वाटतं. एक पाय नेहमी किंचित पुढे राहतो.
- क्रँक बाहेर-आत हलतो, चेन मधूनच चेनकव्हरला घासते.
- कॉटरचा नट हाताने फिरतो, किंवा कितीही आवळला तरी फिरतच राहतो.

शेवटचं लक्षण दिसत असेल तर सायकल चालवणं आजच थांबवा. सैल क्रँकवर मारलेला प्रत्येक किलोमीटर एक्सलची सपाट बाजू आणि क्रँकचं भोक खातो. चहा-वड्याच्या पैशांत होणारं काम मग क्रँक-सेटवर जातं, आणि भर रस्त्यात क्रँक निसटला तर पडणं वेगळंच.

पाना हातात घेण्याआधी आवाज मोजा

ही तपासणी फुकट आहे आणि निम्मं निदान इथेच होतं. शांत रस्त्यावर सायकल चालवा आणि पायडलाच्या एका पूर्ण फेरीत आवाज किती वेळा येतो ते मोजा.

फेरीत एकदा किंवा दोनदा, दर वेळी क्रँक त्याच जागी असताना आवाज येत असेल तर दोष पायडल, कॉटर किंवा बीबीत आहे. एका फेरीत साधारण अडीच वेळा येत असेल तर तो मागच्या चाकाचा आहे. पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते आणि मागे १८ असतील तर पायडलाच्या एका फेरीत मागचं चाक २.४ वेळा फिरतं, म्हणून हा हिशोब. याउलट, अडीच फेऱ्यांत एकदाच ‘टक्’ होत असेल तर ती चेनची अडकलेली कडी. सुमारे ११२ कड्यांची चेन ४४ दात्यांवरून पूर्ण फिरून यायला तेवढ्याच फेऱ्या लागतात. दात्यांचे आकडे तुमच्या सायकलवर मोजून घ्या. ४६ आणि ४८ दात्यांची चेनव्हीलंही पुष्कळ सापडतात.

आता वेग घेऊन पायडल मारणं थांबवा. आवाज चालूच राहिला तर कॉटरचा संबंध नाही. हब, मडगार्ड, फ्रीव्हील तपासा. पुढची चाचणी, सीटवरून उठून पायडल मारा. आवाज गेला तर तो सीटचा. चामडी सीटच्या स्प्रिंगा आणि सीटखालचा आवळा (सीट दांड्यावर धरणारी पकड) दर पायडलागणिक कुरकुरतात, कारण शरीराचं वजन दर फेरीला डावी-उजवीकडे सरकतं. म्हणून तो आवाज हुबेहूब पायडलातून येतोय असं वाटतं. स्प्रिंगच्या बोल्टांवर तेलाचे दोन थेंब आणि आवळ्याचा नट घट्ट, एवढ्यावर काम भागतं.

पायडल, स्टँड आणि इतर फुटकळ संशयित

पायडल हाताने गरगर फिरवा, मग आत-बाहेर हलवा. रबरी ठोकळ्यांच्या पायडलात ठोकळ्यांच्या लांब बोल्टांचे नट सैल होतात आणि तेही टक्-टक् करतात. पायडल क्रँकमध्ये पूर्ण घट्ट आहे का ते पाहा. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे असतात. म्हणजे डावं पायडल घट्ट करायला पाना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. हे विसरून डावं पायडल ‘घट्ट’ करणारा माणूस ते सैलच करत असतो. मग अर्धवट सुटलेलं पायडल क्रँकचे आटे ओरबाडतं. पायडलाचा दांडा वाकलेला असेल तर बूट दर फेरीला आत-बाहेर डोलतो. असं पायडल सरळ करत बसू नका, बदला.

स्टँडचा नट, चेनकव्हरच्या पट्ट्या आणि मडगार्डच्या तारा एकेक हाताने दाबून धरा आणि पायडल फिरवून बघा. वाकलेल्या चेनकव्हरला क्रँक नेमका एकाच ठिकाणी घासतो. तो आवाज कॉटरसारखाच नियमित असतो, फक्त कोरडा, पत्र्याचा. इथे हातानेच पत्रा सरळ होतो.

चेन मोजा. १२ इंचांत २४ कड्या बसायला हव्यात, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. साध्या स्टीलच्या पट्टीवर १२ इंचांपेक्षा १/१६ इंच जास्त भरलं तर चेन संपत आली आहे. १/८ इंच जास्त भरलं तर तिने चेनव्हीलचे दातेही खाल्लेले असणार. नुसती नवी चेन घातली तर ती जुन्या दात्यांवर उड्या मारते, आणि हा ‘कट्’ आवाज लोक हमखास कॉटरच्या माथी मारतात.

कॉटर की बीबी? दोन हातांची चाचणी

आता खरा फरक. चेन तशीच राहू द्या. दोन्ही क्रँक हातात धरा आणि सायकलच्या दिशेने आत-बाहेर हलवा.

एक क्रँक आत ढकलला की दुसरा तेवढाच बाहेर येतो, म्हणजे दोन्ही मिळून डोलतात? मग एक्सल बीबीच्या वाट्यांमध्ये सैल आहे. कॉटरला हात लावू नका, थेट बीबीच्या भागाकडे जा.

एकच क्रँक हलतो आणि दुसरा स्थिर आहे? मग त्या बाजूचं कॉटर.

खात्रीसाठी आणखी एक चाचणी. ब्रेक दाबून क्रँक आडवे करा, उजवा पुढे, डावा मागे. दोन्ही पायडलांवर एकदम वजन द्या. मग अर्धी फेरी फिरवून डावा पुढे घ्या आणि पुन्हा तसंच वजन द्या. जो क्रँक सैल आहे तो या दुसऱ्या वेळी ‘टक्’ करून विरुद्ध बाजूला सरकतो, कारण त्याच्यावरचा पिळ उलटलेला असतो. डोळ्यांना दिसलं नाही तर क्रँक आणि एक्सलच्या सांध्यावर बोट ठेवा, बोटाला कळतं.

नट कॉटरला धरत नाही

वारंवार येणाऱ्या या तक्रारीचं मूळ इथे आहे. एक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक सपाट खाच असते. कॉटर ही एका बाजूने तिरकी सपाट केलेली गोल पिन, म्हणजे चक्क पाचर. ती क्रँकमधून ठोकली की तिची तिरकी बाजू एक्सलच्या सपाट बाजूवर रेटून बसते आणि क्रँक जागेवर दाबला जातो. पूर्ण भार ही पाचर घेते. नटाचं काम फक्त ती मागे सरकू न देण्याचं.

म्हणून सैल कॉटरचा नट आवळून काही होत नाही. पिन न हलता नटाचे आटे ताणले जातात. आणखी जोर लावला तर आट्यांचा बारीक भाग तुटतो आणि नट ‘फिरतच’ राहतो. नट आवळून आवाज चार दिवस थांबतो याचं कारण एवढंच, की पिन थोडी खेचली जाते. पहिल्या चढाला ती परत आपल्या जागी येते.

कॉटर काढणं

आवाज कॉटरचाच ठरला तर आता ते बाहेर काढायचं. इथेच जास्तीत जास्त नुकसान होतं, म्हणून घाई नको.

आदल्या रात्री कॉटरच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारा स्प्रे किंवा रॉकेल-तेलाचं मिश्रण सोडा. कोकणात किंवा किनाऱ्यालगत राहिलेल्या सायकलला दोन रात्री द्या. खाऱ्या हवेचा गंज कॉटर आणि भोक यांना एकजीव करतो.

दुसऱ्या दिवशी नट पूर्ण काढू नका. त्याची वरची कड पिनच्या टोकाशी समपातळीत येईल एवढाच सोडा, म्हणजे हातोडीचा मार आट्यांवर न बसता नटावर बसतो. आता क्रँकच्या खाली आधार हवा. लोखंडी पाईपचा तुकडा घ्या. त्याची उंची जमिनीपासून क्रँकच्या खालच्या बाजूपर्यंत नेमकी असावी, आणि आतला व्यास कॉटरचं जाड डोकं सहज आत जाईल एवढा. पाईपचं वरचं तोंड क्रँकला टेकलं पाहिजे. डोकं पाईपच्या पोकळीत मोकळं.

हा आधार नसेल तर हातोडीचा सगळा मार एक्सलमधून छर्ऱ्यांवर जातो आणि वाटीत बारीक खड्डे पडतात. कॉटर निघतं, पण आतापर्यंत धड असलेली बीबी खरखरायला लागते. ‘कॉटर बदलल्यावर आवाज वाढला’ या तक्रारीमागे बहुतेक हेच असतं.

एक किलोच्या आसपासची हातोडी घ्या आणि एकच नेमका, जोरदार घाव घाला. हलक्या हातोडीने वीसदा टुकटुक केल्याने पिन हलत नाही, तिचं टोक फक्त भुईछत्रासारखं पसरतं. मग ते भोकातून जाणारच नाही. डोळ्यांवर चष्मा लावा, जुन्या पोलादाचे कण उडतात. ओळखीच्या दुकानात कॉटर दाबून काढायचा प्रेस असेल तर सरळ तिकडे जा. दोन्ही कॉटरं दाबून काढायला काही मिनिटं लागतात आणि बीबीवर एकही घाव बसत नाही.

तीन-चार चांगले घाव घालूनही पिन हललीच नाही, किंवा टोक पसरलं, तर थांबा. आता पिन ड्रिलने पोखरून काढावी लागते. ड्रिल जरा तिरकं गेलं की क्रँकचं भोक जातं. हे काम लेथवाल्याचं किंवा जुन्या सायकलींच्या अनुभवी मेकॅनिकचं आहे. गॅसच्या शेगडीवर क्रँक तापवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. शेजारीच ग्रीस, रंग आणि कडक केलेलं पोलाद आहे.

काढलेलं कॉटर काय सांगतं

फेकण्याआधी ते उजेडात धरा. तिरक्या बाजूवर घासल्याचा चमकदार पट्टा दिसेल.

पट्टा पूर्ण रुंदीभर आणि सारखा असेल तर कॉटर नीट बसलेलं होतं, फक्त पुरेसं आत ठोकलेलं नव्हतं. पट्टा एकाच कडेला असेल तर सपाट बाजू एक्सलशी जुळत नव्हती. मधोमध पायरीसारखी खाच पडली असेल तर पिन नरम होती. ती एक्सलपेक्षा थोडी नरम असणं योग्यच आहे, कारण झिजायचं ते स्वस्त पिनने. पण काही स्वस्त कॉटरं इतकी नरम येतात, की कानस लावली की लोण्यासारखी निघते. तशी घेऊ नका.

नवं कॉटर घेताना: अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट

जुनं कॉटर खिशात घालून दुकानात जा आणि गोल भाग कॅलिपरने मोजा. इंग्रजी पद्धतीच्या सायकलींना ९.५ मिमी, म्हणजे ३/८ इंच जाडीचं कॉटर लागतं. बाजारात ९ मिमीचंही मिळतं आणि दुरून दोन्ही एकसारखीच दिसतात. ९ मिमीचं ९.५ च्या भोकात घातलं की ते फार आत जातं. आटे संपेपर्यंत नट वर येतो आणि घट्ट झाल्यासारखा भासतो. नट क्रँकवर घट्ट असतो, पाचर मात्र सैलच. महिन्याभराने परत येणाऱ्या टक्-टकीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि त्यात दुकानदाराची लबाडी असतेच असं नाही. त्याच्या डब्यात दोन्ही मापं मिसळलेली असतात.

दोन्ही बाजूंची कॉटरं एकाच वेळी, एकाच मापाची आणि एकाच बनावटीची घ्या. एकाची तिरकी बाजू जास्त उतरती आणि दुसऱ्याची कमी असेल तर दोन्ही क्रँक सरळ रेषेत येत नाहीत.

दुकानात आणखी एक तपासणी करता येते. क्रँक काढून सोबत नेला असेल तर कॉटरचा गोल भाग रिकाम्या भोकात घालून हलवा. तो सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. डुगडुगला तर भोक लंबगोल झालं आहे आणि कुठलंही कॉटर तिथे टिकणार नाही. अशा वेळी पत्र्याची पट्टी किंवा ब्लेडचा तुकडा घालून कॉटर बसवून देणारे मेकॅनिक भेटतात. घरी पोहोचण्यापुरतं ठीक आहे. काही ठिकाणी तर क्रँक एक्सलला वेल्डच करून टाकतात. हे मात्र कधीच करू देऊ नका. उष्णतेने एक्सलचा कडकपणा जातो, आणि पुन्हा बीबी उघडायची तर सगळं कापावं लागतं.

कॉटर बसवणं

एक्सलची सपाट बाजू आणि क्रँकचं भोक रॉकेलने पुसून कोरडं करा. एक्सलच्या सपाट भागावर पायरी किंवा खड्डा पडलेला असेल तर ती कानशीने घासून ‘सरळ’ करायच्या मोहात पडू नका. जितकं घासाल तितकं कॉटर आत जाणार. तो एक्सल बदलायचा आहे.

कॉटर हाताने आत सारा. दोन्ही कॉटरांची दिशा तपासायची साधी पद्धत अशी: उजवा क्रँक सरळ वर करा आणि नट पुढच्या चाकाकडे आहे की मागच्या, ते पाहा. आता अर्धी फेरी फिरवून डावा क्रँक वर आणा. त्याचाही नट त्याच बाजूला हवा. नसेल तर एक कॉटर उलटं घातलं आहे, आणि पायडलं एका रेषेत येणार नाहीत.

हाताने घातल्यावर आटे पलीकडे किती दिसतात? काहीच दिसत नसतील तर कॉटर जाड आहे आणि तिरकी बाजू कानशीने घासावी लागेल. कॉटर व्हाइसमध्ये धरून सपाट कानस मूळ उताराच्याच कोनात लांब, एकसारखी चालवा. मग त्या बाजूला मार्करने रंग द्या, आत घालून हलकं ठोका, काढा. रंग जिथे गेला तिथे ते टेकतं. पूर्ण रुंदीभर रंग जाईपर्यंत हे करत राहा. दोन-तीन वेळा करावं लागतं, कंटाळवाणं आहे, पण बरेच मेकॅनिक हाच टप्पा गाळतात आणि म्हणूनच त्यांच्याकडे तीच सायकल परत येते. एका कॉटरवरून जेवढं घासलं तेवढंच दुसऱ्यावरूनही घासा.

बसवताना पाईपचा तोच आधार, आता नटाच्या बाजूने: आट्यांचं टोक पाईपच्या पोकळीत, क्रँक पाईपवर. डोक्यावर दोन-तीन भक्कम घाव. आवाज बद्दचा खणखणीत झाला की पाचर बसली. तेलाचा हलका हात पुरे, ग्रीस थापायची गरज नाही. मग वायसर, नट, आणि छोट्या पान्याने बेताचंच आवळणं. पुरेसं ठोकल्यावर वायसर आणि नट बसून एक-दोन आटे बाहेर दिसायला हवेत. नट आट्यांच्या मुळापर्यंत गेला असेल तर कॉटरच्या मापाचा वरचा भाग पुन्हा वाचा. कॉटर बारीक आहे किंवा जास्त घासलं गेलं आहे.

नवं कॉटर पहिल्या १५-२० किलोमीटरमध्ये आणखी थोडं आत बसतं. तेव्हा पुन्हा आधार देऊन डोक्यावर एक घाव घाला आणि मगच नट आवळा. साधारण ५० किलोमीटरनंतर आणखी एकदा. हे केलं नाही तर बाकी सगळं बरोबर करूनही आवाज येतो.

कॉटर पक्कं, तरी टक्-टक्: बीबी

डाव्या बाजूला एक खाचा असलेली गोल चकती दिसते, ती लॉकरिंग. तिच्या आत वाटी. लॉकरिंग सैल करा, वाटी हाताने फिरवून एक्सलचा डोल जाईपर्यंत आत घ्या, मग केसभर मागे. वाटी धरून लॉकरिंग आवळा. आवळताना वाटी हलते, म्हणून पुन्हा तपासा; पहिल्या फटक्यात हे क्वचितच जमतं. एक्सल बोटांनी फिरवला तर मऊ फिरावा. छिन्नी-हातोडीने लॉकरिंग फिरवायची सवय सगळीकडे आहे. हुकाचा पाना मिळाला तर खाचा वाचतात.

फिरवताना खरखर लागली तर उघडा. खाली जुनं धोतर किंवा बनियन पसरा, छर्रे पळतात. प्रत्येक बाजूला १/४ इंची ११ सुटे छर्रे असतात. काही सायकलींत पिंजऱ्यातले असतात आणि तेव्हा संख्या कमी भरते. बारावा छर्रा कोंबू नका, थोडी मोकळी जागा राहायलाच हवी. एक-दोन बदलून भागत नाही, सगळे नवे टाका. जुना झिजलेला छर्रा नव्यांपेक्षा लहान असतो आणि भार उरलेल्यांवर जातो. छर्रे स्वस्त आहेत, इथे काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

एक्सल रॉकेलने धुवून आरशाच्या काचेवर लोटा. टोक डोललं तर वाकला आहे. छर्ऱ्यांच्या मार्गावर नखाने जाणवणारे खड्डे असतील तर एक्सल बदला. नवा घेताना जुना सोबत न्या. उजवं टोक चेनव्हीलसाठी लांब असतं आणि लांबी चुकली तर चेनची रेषा चुकते.

उजवी वाटी शेलमध्ये (फ्रेमच्या तळाची, बीबी बसते ती आडवी नळी) पक्की बसलेली असते आणि तिचे आटे उलटे असतात. ती खराब नसेल तर काढूच नका. आतूनच फडक्याने पुसा, बोट फिरवून खड्डे पाहा. काढायचीच असेल तर ती मेकॅनिककडे. तिची पान्याला धरायची कड अरुंद असते, पाना निसटला की कोपरे जातात. वाट्या विकत घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: इंग्लंडची रॅले २६ आट्यांची वाटी वापरायची, तर बाकीच्या इंग्रजी पद्धतीच्या सायकलींत इंचाला २४ आटे सर्रास असतात. व्यास जवळपास सारखा, म्हणून २४ ची वाटी २६ च्या शेलमध्ये एक-दोन फेरे जाते आणि मग अडते. तिथे जोर लावला तर शेलचे आटे गेले, आणि शेल म्हणजे फ्रेम. आसनसोलला बनलेल्या सेन-रॅलेच्या बाबतीतही आटे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. लुधियानात आजही अशा सायकलींचे भाग बनतात, त्यामुळे साधे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. अडतं ते या रॅलेच्या मापापाशी. पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार अशा वेळी कामाला येतो.

पावसाळ्यानंतर बीबी पुन्हा पुन्हा खरखरत असेल तर पाणी वरून येतंय. सीटच्या दांड्याची फट थेट खाली शेलपर्यंत उघडी असते. दांडा ग्रीस लावून बसवा आणि फटीभोवती ग्रीसचा थर द्या. शेलवर तेलासाठी झाकणाचं छोटं भोक असेल तर महिन्यातून काही थेंब घाला. झाकण हरवलं असेल तर ते भोकच पाण्याची वाट बनतं, रबराची गुंडी ठोका.

इथे हात थांबवा

क्रँकवर, विशेषतः कॉटरच्या भोकाभोवती, केसासारखी भेग दिसली तर तो क्रँक भंगारात. वेल्डिंग नाही.

शेलचे आटे गेले असतील तर नवे आटे पाडून घ्यायला लेथवाला किंवा फ्रेमचं काम करणारा कारागीर शोधा.

शेल आणि नळ्यांच्या सांध्यावर रंग रेषेत तडकला असेल आणि त्या रेषेतून गंजाचं पाणी उतरत असेल, तर सांधा सुटतोय. या सायकलींचे सांधे पितळेने जोडलेले असतात. साधं इलेक्ट्रिक वेल्डिंग त्यावर धरत नाही आणि शेजारची नळी जाळतं. पितळेची ब्रेझिंग येणाऱ्याकडेच द्या, आणि ते होईपर्यंत सायकलवर बसू नका. त्याची मजुरी ऐकूनच पुढचं ठरवा: फ्रेम घरातल्या आजोबांची असेल तर पैसे घाला, नाहीतर जुन्या बाजारात धड फ्रेम त्याहून स्वस्त पडते आणि तुमचे नवे कॉटर, छर्रे, चेन सगळं तिच्यावर चढतं.